जामीनदार बोलताय ना?

आमच्या घरात सकाळी आठ वाजता दोन गोष्टी एकदम होतात: कुकरची शिट्टी आणि वसुलीवाल्याचा फोन. कुकर कधी मागेपुढे होतो, रिंग सैल झाली की शिट्टीऐवजी नुसता फुसफुसतो. फोनचं तसं नाही. याचं श्रेय रिझर्व्ह बँकेला. 12 ऑगस्ट 2022 रोजी तिनं परिपत्रक काढून बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं की थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कुणालाही फोन करायचा नाही. हेतू चांगला होता. थकबाकीदार झाला तरी माणूसच, त्याला रात्रीची झोप मिळावी. पण आपल्याकडे मर्यादा घालून दिली की ती आधी गाठायची असते, हे रिझर्व्ह बँकेच्या ध्यानात आलं नाही. ताशी ऐंशीची पाटी दिसली की साठनं चाललेला माणूससुद्धा ऐंशीला नेतो. आमचा वसुलीवालाही सात एकोणसाठपासून बोट बटणावर ठेवून बसत असावा.

"जामीनदार बोलताय ना?"

"बोलतोय."

"गुड मॉर्निंग सर. चहा झाला?"

"घेतोय."

"घ्या, सावकाश घ्या. गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा काही निरोप?"

या मुलावर रागवायचीही सोय नाही. शिव्या देणाऱ्याला उलट शिव्या देता येतात, गुडघ्याची चौकशी करणाऱ्याला काय देणार? पूर्वी वसुलीला दंड फुगवून माणसं यायची. 2007 साली प्रकाश कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बँकांना खडसावलं की गाडी ताब्यात घ्यायला गुंड पाठवायचे नाहीत. 2008 साली रिझर्व्ह बँकेनं एजंटांसाठी किमान 100 तासांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम काढायला लावला. आमचा मुलगा त्या शाळेतून उत्तम गुणांनी पास झालेला दिसतो. तो धमकी देत नाही, आवाज चढवत नाही. फक्त रोज विचारतो. त्यापेक्षा गुंड परवडला. तो एकदा येऊन जातो तरी.

कर्ज माझं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वतःसाठी मी आयुष्यात हप्ता बांधून घेतलेला नाही. फ्रिज घेतला तो रोखीनं, आणि ती पावती मी अजून पाहुण्यांना दाखवतो. कर्ज आहे मेहुण्याचं. कोरेगावकडून पुण्याच्या मार्केट यार्डात आल्याची पोती नेण्यासाठी त्यानं छोटा हत्ती टेम्पो घेतला. कंपनीनं जामीनदार मागितला. मेहुणा आमच्याकडे साताऱ्याला आला, अर्धं पोतं आलं सोफ्याशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "दाजी, एक सही लागतीय. नुसती फॉर्मॅलिटी."

या वाक्यावर महाराष्ट्रातली किती घरं हादरली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात सौभाग्यवती उभी होती. ती काही बोलली नाही. मराठी नवरा जामीन राहतो तो बायकोच्या या न बोलण्यामुळे. कंपनीच्या माणसानं कागदांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या होत्या. "इथं सर, इथं, आणि इथं," म्हणत तो पानं उलटत गेला आणि मी फुल्यांवर सह्या करत गेलो. मी कोथिंबिरीच्या जुडीतल्या काड्या वेगळ्या करून घेणारा माणूस, किराणाच्या बिलातली बेरीज दोनदा तपासतो. पण नातं समोर बसलं की मजकूर वाचणं अपमानास्पद वाटतं. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडे भिडेला भाऊही आहे. तो छोटा हत्ती चालवतो.

आल्याचा भाव पडला आणि हप्ते थकायला लागले. परिपत्रकात आणखी एक कलम सापडलं तेव्हा मला जरा उमेद आली. कर्जदाराच्या नातेवाइकांना आणि मित्रांना वसुलीवाल्यांनी त्रास द्यायचा नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी ते ऐकवलं.

"बरोबर आहे सर," तो म्हणाला. "नातेवाईक म्हणून आम्ही तुम्हाला कधीच फोन करणार नाही. हा जामीनदार म्हणून होता."

मग मी वकील मित्राकडे गेलो. तो कोर्टासमोरच्या टपरीवर भेटतो, कारण तिथल्या चहाचे पैसे अशिलाला द्यायचे असतात.

"सही वाचून केलीस?" त्यानं विचारलं.

"इंग्रजीत होतं सगळं."

"मराठीत असतं तर वाचलं असतंस?"

या प्रश्नावर मी दोन प्लेट भजी सांगितली.

त्यानं समजावलं. 1872 च्या करार कायद्यात कलम 128 आहे. मूळ कर्जदार जेवढा देणेकरी, तेवढाच जामीनदारही, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. मी म्हटलं, "पण आधी त्याला धरा, त्याच्याकडे काही निघालं नाही तर माझ्याकडे या, असं तरी असेल ना?" तर तेही नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की जामीनदाराकडे येण्याआधी कर्जदाराच्या मागं लागून दमलंच पाहिजे, अशी सक्ती धनकोवर करता येत नाही. नाहीतर जामीन घ्यायचा तरी कशाला? वाचायला हे फार तर्कशुद्ध वाटतं. फक्त वाचणाऱ्याला मेहुणा नसावा.

"पण तुझ्या बाजूनं कलम 140 आहे," वकील म्हणाला. "तू सगळं देणं फेडलंस की धनकोचे हक्क तुझ्याकडे येतात. मग तू त्याच्याकडून वसूल कर."

म्हणजे रिझर्व्ह बँकेचं बंधन असलेला वसुलीवाला आठ ते सात काम करणार, आणि मेहुण्याची ताई ज्याच्या घरातच आहे तो मी त्या कामावर कधी जाणार? भाऊबीजेला ताटात ओवाळणी पडत असताना नोटीस द्यायची का, यावर कलम 140 गप्प आहे.

पुढं पगाराचा विषय निघाला. कंपनीनं दावा लावला, हुकूमनामा घेतला आणि दरखास्त टाकली तर पगारावर जप्ती येऊ शकते. वकिलानं भज्यांच्या कागदावर हिशेब मांडला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार 61,000 धरला तर हजार बाजूला, राहिले 60,000, त्यातले 40,000 सुटले, जप्तीला 20,000.

"म्हणजे 41,000 तुझे सुरक्षित!"

माझ्या पगारात 41,000 रुपये सुरक्षित असतात हे मला प्रथमच कळत होतं. महिन्याच्या दहा तारखेनंतर एवढी सुरक्षित रक्कम आमच्या घरात कुणी पाहिलेली नाही. आमच्याकडे लग्नापासून जी पगारजप्ती चालू आहे तिच्यात पहिल्या हजाराचीही सूट नाही.

"आणि हे बघ," तो भजं उचलत म्हणाला, "एकूण 24 महिने जप्ती झाली की त्याच हुकूमनाम्यासाठी तुझा पगार कायमचा मोकळा. फक्त पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशेब उलटा. एक तृतीयांश तुझा, दोन तृतीयांश तिचा."

हा शेवटचा आकडा घरी सांगायचा नाही असं आमचं ठरलं.

पगारजप्तीतली खरी गोम वेगळीच आहे. कोर्टाचा तो हुकूम येतो पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे. त्यानं हुकूम डावलून मला पूर्ण पगार दिला तर ती रक्कम नोकरी देणाऱ्यावर शेकते. आमच्या कार्यालयात माझं प्रवासभत्त्याचं बिल 'त्रुटी पूर्ततेसाठी' इतक्या वेळा परत आलंय की त्या बिलाचाच प्रवासभत्ता निघावा. पण हे काम त्याच दिवशी होणार, यात मला शंका नव्हती. म्हणून अजून दाव्याचा पत्ता नसताना मी पगारबिलाच्या क्लार्कला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "असं एखादं प्रकरण आलं तर बाहेर कळत नाही ना?"

"साहेब, तुमचंही आलं?"

"'ही' म्हणजे?"

त्यानं खण ओढून दाखवला. खण भरलेला होता. "कुणाकुणाचं ते सांगणार नाही, गुप्त असतं," असं म्हणून त्यानं सगळ्यांची नावं सांगितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच गुप्ततेनं माझंही नाव सगळीकडे पोचलं होतं. एकानं खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्यानं डब्यातली जास्तीची पोळी दिली. संध्याकाळी तिसरा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. आता तुम्हाला सवय झालीच आहे, तर माझ्या पतसंस्थेच्या अर्जावर दुसरा जामीनदार..."

घरी येऊन मी सौभाग्यवतीला धीर देण्यासाठी कलम 60 वाचून दाखवलं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग, अंथरूण-पांघरूण, यातलं गरजेचं असेल ते जप्त करता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण 1908 च्या या संहितेत बसवलेली दिसते: पाय कितीही पसरा, अंथरूण आम्ही नेणार नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही वाचतात.

"मंगळसूत्र वाचलं. पाटल्या?"

"पाटल्यांचं वकील काही बोलला नाही."

त्याच दिवशी पाटल्या सुरक्षित जागी हलवण्यात आल्या. सुरक्षित जागा म्हणजे तिचं माहेर. तिथं मेहुणा राहतो.

"आणि गरजेची भांडी नेत नाहीत म्हणालात ना?" तिनं पुन्हा विचारलं. "बिनगरजेची नेतात?"

"नेऊ शकतात."

तिचा चेहरा उजळला. आमच्या माळ्यावर लग्नापासून जमलेले लेमन सेट आहेत. जग आणि सहा ग्लास, त्यावर केशरी फुलं, काहींवर अजून चमकता कागद आणि 'श्री व सौ.' अशी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी. हे सेट कुणीही विकत आणत नाही, ते नुसते महाराष्ट्रभर फिरत असतात. आमच्याकडे येऊन मात्र मुक्कामाला थांबले. लेमन सेट हे काही स्वयंपाकाचं भांडं नव्हे, गरजेचं तर नव्हेच नव्हे. तिनं माळा उतरवून यादी केली. तीन भिंतीवरची घड्याळं आणि फ्रेममधले राधाकृष्णही त्यात घातले. मग रद्दीवाला कधी येतो विचारावं तशा सुरात विचारलं, "बेलिफ कधी येतो हो?"

मी म्हटलं, "सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरात शिरता येत नाही त्याला. कलम 62."

"बरोबरच आहे. तिन्हीसांजेला घरातून लक्ष्मी जाऊ देत नाहीत, एवढं कोर्टाला कळतं म्हणायचं!"

या सगळ्या गदारोळात मूळ कर्जदाराची झोप शाबूत होती. एका रविवारी तो आला, अर्धं पोतं आलं ठेवलं, जेवला आणि दिवाणावर आडवा झाला.

"दाजी, टेन्शन तुम्ही घेता म्हणून तुमचा गुडघा दुखतोय. वाटणी झाली की एकरकमी फेडून टाकतो."

वाटणी म्हणजे सासऱ्यांच्या जमिनीची. सासरे ठणठणीत आहेत, पहाटे उठून दोन मैल चालतात. कलम 60 च्या यादीत जप्त करता न येणाऱ्या गोष्टींमध्ये, पुढेमागे वारसा मिळेल ही नुसती आशासुद्धा आहे. बेलिफ गाडी नेईल, कपाट नेईल, आशा नेणार नाही. कोर्टानं उचलायला नकार दिलेली ही मालमत्ता आमच्या मेहुण्यानं आजवर किराणा दुकान, गॅरेज आणि दाजी अशा तीन ठिकाणी तोंडी गहाण टाकलेली आहे.

"बरं, शेतकऱ्याची औतं आणि जनावरं जप्त होत नाहीत, हे खरं का?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"खरं आहे. का?"

"मग हत्ती हे जनावरच की."

मी वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, "हत्ती त्यानं स्वतःच लिहून तारण दिलाय. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचं नाव आहे. त्याला ते कलम लागत नाही, आणि तू हा प्रश्न दुसऱ्या वकिलाला विचारू नकोस."

"फार तर काय, तुरुंगात टाकतील," मेहुणा म्हणाला.

तेही मी विचारून ठेवलं होतं. ऐपत असून मुद्दाम बुडवणाऱ्यालाच दिवाणी तुरुंग, तोही जास्तीत जास्त तीन महिने. सुटल्यावर देणं उभंच. आणि कैद्याच्या पोटापाण्याचा भत्ता, ज्याचे पैसे बुडाले त्यानंच आगाऊ भरायचा.

मेहुणा उठून बसला. "म्हणजे जेवण फायनान्सवाल्यांचं?" त्याच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती पाहून ताईनं हातातलं उलथनं उगारलं. इथं कलम 60 चा काही उपयोग नव्हता. ते भांडं गरजेचं होतं.

दरम्यान सीझिंगवाली पोरं हायवेला फिरायला लागली. टोलनाक्याच्या पुढं उभी राहून ती येणाऱ्या गाडीचा नंबर मोबाइलमध्ये टाकून बघतात. थकबाकी निघाली की गाडी बाजूला. म्हणून एका रात्री मेहुण्यानं हत्ती आणून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावला आणि वर निळी ताडपत्री घातली. ताडपत्रीखाली छोटा हत्ती लपतो असं ज्याला वाटतं त्याला कर्ज देणाऱ्याचंही कौतुक करायला हवं. सकाळी सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: 'पार्किंगमधील अवजड वस्तू ज्यांची असेल त्यांनी हलवावी.' सगळे माझ्याकडे बघत होते. मीही वस्तूकडे नवलानं बघून घेतलं.

शेवटी ती पोरं आली. भर दुपारी, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी तयारीत होतो. नियम मला पाठ होते. करारात ताबा घेण्याआधीच्या नोटिशीची तरतूद लागते, ती वगळायची तर केव्हा हे लिहिलेलं लागतं, आणि विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते. मी आवाज लावला.

"नोटीस दिली होती?"

"हो सर. ही पोच."

"पोलिसांना कळवलं?"

"ही स्टेशनची प्रत."

"जामीनदाराला कळवायला नको?"

"रजिस्टर्डनं पाठवलं होतं सर. ही तुमची सही."

सही माझीच होती. ते पाकीट कपाटात, विम्याच्या कागदांखाली, न फोडलेलं पडलं होतं. तसली पाकिटं मी फोडत नाही. आतला मजकूर आपोआप निवळेल अशी माझी श्रद्धा आहे.

ताडपत्री निघाली आणि गाडीतल्या वस्तूंची यादी सुरू झाली. एक मुलगा बोलत होता, दुसरा लिहीत होता. "स्टेपनी एक. जॅक एक. गणपतीची मूर्ती, डॅशबोर्डवर. लिंबू-मिरची. उशी. आलं, अर्धं पोतं. लेमन सेट..." तो थांबला. मागं वाकून बघितलं. "लेमन सेट बरेच."

सौभाग्यवती गॅलरीत उभी राहून आकाश बघत होती. बेलिफाची वाट पाहून ती कंटाळली होती आणि रातोरात तिनं माळा हत्तीच्या पाठीवर रिकामा केला होता.

"मॅडम," मुलगा वर बघून नम्रपणे म्हणाला, "गाडीतलं खासगी सामान आम्हाला ठेवता येत नाही. परत द्यावं लागतं." आणि शिकल्यासवरल्या त्या पोरांनी सगळे लेमन सेट, घड्याळं आणि राधाकृष्ण तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवले. हत्ती गेला.

एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. पोरांना चार लोकांत तमाशा करायला बंदी आहे आणि त्यांनी ती काटेकोर पाळली. एका काकांनी खाली उतरून विचारलं, "काय भानगड आहे?" तर मुलगा म्हणाला, "सॉरी काका, ग्राहकाची माहिती गोपनीय असते." इथंच घात झाला. खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत लोक पांगले असते. गोपनीय म्हटल्यावर सोसायटीनं स्वतःची बुद्धी वापरली, आणि चहाच्या वेळेपर्यंत आमच्याकडे ईडी येऊन गेल्याची बातमी पसरली. इस्त्रीचे शर्ट, ओळखपत्रं, वस्तूंची यादी, वरखाली जाणारे खोके. पुरावा भक्कम होता.

पुढचे काही दिवस मला मिळालेला मान मी कधी विसरणार नाही. सेक्रेटरी लिफ्टचं दार धरून उभे राहू लागले. एरवी मेंटेनन्सवरून माझ्याशी अबोला धरलेले खजिनदार हळूच म्हणाले, "वाटलं नव्हतं हो तुमच्याकडे एवढं असेल!" एकानं तर मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायला सांगितलं. मी काहीच बोललो नाही. गोपनीयता मीही पाळली. मग वॉचमननं खरं ते फोडलं. सत्य बाहेर आलं की हा टेम्पोच्या हप्त्याचा जामीनदार आहे, आणि लिफ्टचं दार माझ्या नाकासमोर बंद व्हायला लागलं. आपल्याकडे कोटींत अडकलेल्याला लोक उठून जागा देतात आणि हजारांत अडकलेल्याला चपला सांभाळायला लावतात. मात्र अंधार पडल्यावर एकेकजण बेल वाजवून येत होता. खजिनदार साडूच्या घरकर्जाला जामीन होते. सेक्रेटरी पुतण्याच्या ट्रॅक्टरला. "कुणाला बोलू नका," म्हणून प्रत्येकानं बजावलं आणि जाताना कलम 60 मधला पगाराचा हिशेब कागदावर लिहून नेला.

गाडी यार्डात उभी होती. तिथं उभं राहण्याचंही भाडं चढत होतं. गाडी विकून कर्ज पूर्ण फिटलं नाही तर उरलेला फरक मागायला फोन कुणाला येणार, हे सांगायला वकील नको होता. मेहुणा म्हणाला, "ताई, त्या पाटल्या नुसत्याच पडून आहेत आपल्याकडे..." ताईनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती कोणत्याही नोटिशीत शब्दांत मांडता येणार नाही.

ती भिशीत गेली. आमच्या सोसायटीची बायकांची भिशी जुनी आहे. तिला करार नाही, जामीनदार नाही, वसुली अधिकारी नाही आणि बुडीत खातंही नाही. रजिस्टर म्हणजे एका शाळेच्या वहीची मागची पानं. तिथं तिनं सगळ्यांसमोर सरळ सांगितलं, भावाचे हप्ते थकलेत, नंबर आधी द्या. माझी इतके दिवस जी अब्रू झाकता झाकत नव्हती, ती तिनं पोह्यांच्या बशा फिरत असताना अर्ध्या मिनिटात उघडी केली. कुणी हसलं नाही. तिला नंबर मिळाला. अट एकच: यापुढं भिशीचे पैसे भावानं स्वतः आणून द्यायचे, पाच तारखेला, बैठकीत, सगळ्यांसमोर.

थकबाकी भरली, यार्डाचं भाडं भरलं, हत्ती सुटला. मेहुण्याला वाटलं, बायकांचंच तर आहे, बघू पुढच्या महिन्यात. मग त्याला कळलं की भिशीला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पोचलेलं नाही. पहाटे फिरायला निघालेल्या मावशी साडेपाचला फोन करतात. रात्रीची मालिका संपली की दुसऱ्या करतात. एकीनं त्याच्या आईला हळदीकुंकवात गाठलं. तिसरीची नणंद कोरेगावातच दिलेली निघाली, ती थेट शेतावर गेली आणि आलं खणणाऱ्या बायांसमोर "पाच तारीख लक्षात आहे ना भाऊ?" असं विचारून आली. जो माणूस कलम 128 ला, नोटिशीला आणि सीझिंगला जागचा हलला नव्हता, तो चार तारखेलाच पैसे मोजून पाकिटात घालायला लागला, आणि भिशीच्या धास्तीनं कंपनीचा हप्ताही वेळेवर जायला लागला.

एका पाच तारखेला आमचा वसुलीवाला थकबाकी मिटल्याचं पत्र द्यायला स्वतः आला. नेमकी त्या दिवशी भिशी आमच्याकडे होती. मेहुणा कोपऱ्यात मांडी घालून बसला होता आणि मावशी चष्मा लावून त्याच्या नोटा मोजत होत्या. वसुलीवाला दारातच थबकला. हातात सौभाग्यवतीनं लेमन सेटमधल्या ग्लासात दिलेलं सरबत होतं, ते प्यायचं विसरून तो बघत राहिला.

"मॅडम, यांच्याकडून आम्ही कधी पाच हजारसुद्धा वेळेवर काढू शकलो नाही," तो मावशींना म्हणाला. "मी यात आलो तर चालेल? गावाकडं घर बांधायला काढलंय."

मावशींनी चष्म्यावरून त्याला आपादमस्तक पाहिलं. "ये की. पण तू बाहेरचा. बाहेरच्याला जामीनदार लागेल."

"सर आहेत की," तो म्हणाला. "त्यांचा सगळा रेकॉर्ड आहे आमच्याकडं. सहीला कधीच नाही म्हणत नाहीत."